चपलांच्या फायलीतला आवाज

माझ्या आत्याचा आवाज गेला त्याला आता दोनेक वर्षं झाली. गळ्यात गाठ होती, ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र जो गेला तो गेला. आता ती बोलते तेव्हा पत्र्यावर वाळू घासल्यासारखं वाटतं, आणि तेही शेजारी बसलेल्यालाच ऐकू जातं. दुसऱ्या कोणा बाईचं असं झालं असतं तर गाव चार दिवस हळहळलं असतं आणि विसरलं असतं. पण माझी आत्या धवलारीण. आमच्याकडे भटजी येतो तो नंतर. त्याच्या आधी मांडवात धवलारीण लागते. लग्नाच्या एकेका विधीचा धवला असतो, तो ती गाते आणि मागे बसलेल्या बायका शेवटचा तुकडा ओढतात. देवांना, नदीला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं बोलावणं तीच करते. तिने तोंड उघडल्याशिवाय हळकुंड जात्यात पडत नाही. कळंबपासून साजगावपर्यंत कितीतरी पोरींना माझ्या आत्याच्या आवाजात हळद लागली आहे.

आणि मागच्या वैशाखात तिच्या सख्ख्या नातीचं लग्न ठरलं.

आत्या दिली आहे खालापूरकडच्या एका गावात. डोंगराच्या पायथ्याला घर, समोर भाताची खाचरं, त्यांच्या पलीकडे कारखान्यांची धुराडी. मी त्याच बाजूला साजगावला एका कारखान्यात नोकरी करते, म्हणून सुटल्यावर अधूनमधून तिच्याकडे चहाला जाते. त्या दिवशी गेले तर ती माझी वाटच बघत बसली होती. पुढ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक डीव्हीडी. माझ्या भावाच्या लग्नाची.

"ह्यात मी हाय," ती कुजबुजली. "तुज्या भावाच्या हळदीला गायले ती. तेवडा माजा आवाज काडून दे. पोरीच्या हळदीला लावायचा हाय."

माझी वहिनी, म्हणजे आत्याची सून आणि नवरीची आई, चहा गाळता गाळता म्हणाली, "मी सांगितलं यांना, दुसरी धवलारीण आणू. पण ऐकतील तर ना!"

आत्याने तिच्याकडे असं बघितलं की चहा उतू जायचा थांबला असता. "सगळ्या गावाच्या पोरींना मी हळद लावली, नि माज्या नातीला परकी बाई लावंल? माजा आवाज नसंल तर नुसता डीजे वाजवा. मी आत बसून ऱ्हाईन."

नात तिथेच होती. नेरळला एका ऑफिसात कामाला आहे, हुशार आणि फटकळ. मी तिची आत्या लागते, म्हणून ती मला म्हणाली, "आत्ये, आजीचा आवाज मिळाला ना, तर डीजे मी स्वतः बंद करते. पण मिळाला तर. नाहीतर आजी खरंच आत बसेल, मी ओळखते हिला."

म्हणजे काम माझ्यावर आलं. ते माझ्यावर यायचंच. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.एस्सी., आणि तीही कॉम्प्युटरची. माझ्या आधी आमच्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. हे मी जिथे जाते तिथे सांगते, लोक कंटाळले तरी सांगते. त्यामुळे मोबाइल बंद पडला, सातबाऱ्याची साइट उघडली नाही, कोणाचा व्हिडिओ चालेना, की सगळं माझ्याकडे येतं. आणि व्हिडिओ तर माझं रोजचं काम. कारखान्यातले सगळे कॅमेरे माझ्या ताब्यात असतात. दिवसभर माणसं तोंडं हलवताना बघते, आवाज शून्य. कारण त्या कॅमेऱ्यांच्या फायलींत चित्र असतं, आवाजाची जागाच नसते. बाहेरच्याला ते बघताना हसू येतं. मला सवय झाली आहे. कोण भांडतंय आणि कोण नुसतं बोलतंय हे मी हातांवरून सांगते.

डीव्हीडी लावली. मला अंदाज होताच, तसंच निघालं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी. हळदीला एक, मांडवाला दुसरं, वरातीला तिसरं. माणसांचा एक शब्द नाही. मध्ये एकदा आत्या दिसली. हिरवं नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. पण तोंड घट्ट मिटलेलं, आणि वरून कुठला तरी हीरो गातोय.

"मी गायले होते," आत्या म्हणाली. "त्या दिवशी तर लय गायले."

"गायलीस गं. पण ह्यांनी तुझा आवाज काढून त्या जागी गाणी घातली."

"कोणी?"

"व्हिडिओवाल्यांनी. सगळेच तसं करायचे तेव्हा."

मग तिला समजावून सांगावं लागलं, आणि मला असं समजावून सांगायला आवडतं. म्हटलं, आत्या, व्हिडिओची फाइल म्हणजे एक वस्तू नसते. तिच्यात चित्र वेगळं असतं, आवाज वेगळा. दोघांना एका फाइलीत बसवून पाठवतात आणि सांगून ठेवतात की कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही.

आत्या थोडा विचार करून म्हणाली, "म्हंजी टेंपो. मी, बँडवाले, मांडवाचं सामान, सगळी एकाच टेंपोतून यायची. पन बँडवाला बँडवाला नि मी मी."

मी कॉलेजात तीन वर्षं ज्या गोष्टीवर पेपर लिहिले ती हिने एका दमात सांगितली असं मी म्हणणार नाही, कारण पेपरांत आणखी पुष्कळ होतं आणि ते मी अभ्यास करून लिहिलं होतं. पण टेंपो मला पटला. त्या दिवसापासून आमच्यात फायलींची नावं टेंपोनेच चालली. डीव्हीडीतली व्हीओबी म्हणजे मोठा टेंपो, मोबाइलमधली एमपीफोर म्हणजे छोटा हत्ती. माझ्या कॉलेजच्या काळात साध्या फोनमध्ये थ्रीजीपी नावाची फाइल यायची, हाताच्या पेराएवढं चित्र आणि डब्यात बोलल्यासारखा आवाज. ती म्हणजे सायकल. तिच्यावर काय बसणार? पण आम्ही मैत्रिणी एकमेकींना तेच पाठवायचो, आणि डोळे बारीक करून बघायचो.

"मग मी कुटं उतरले?" आत्याने विचारलं. "वाटंत?"

"ते व्हिडिओवाल्या चाचांना माहीत."

चाचांचं दुकान कर्जतला. आमच्या कळंबचेच ते. माझ्या माहेरची आळी आणि त्यांचा मोहल्ला यांच्यात फक्त एक ओढा. आमच्या गावातली सगळी लग्नं त्यांनीच शूट केली, हिंदूंची आणि त्यांचीही. आता त्यांच्याकडे ड्रोन आहे, फार्महाऊसवर मुंबईची जोडपी येतात त्यांचं लग्नाआधीचं शूटिंग ते करतात, आणि काउंटरवर काच आली आहे. मी गेले तर मला ओळखून आधी चहा मागवला.

"चाचा, भावाच्या लग्नाचं मूळ शूटिंग हवंय. गाणी घालायच्या आधीचं."

"आता? तुझ्या भावाचा पोरगा मिशी फुटायला आलाय."

"आत्याचा आवाज पायजे. डीव्हीडीत तुम्ही काढून टाकलात."

चाचा खुर्चीत मागे रेलले. "मी काढला? तुझा बाप हितं बसला होता, तू बसलीस ना, तितंच. म्हणाला, बायांचा कालवा काढ नि चांगली गाणी टाक, पावण्यांना दाखवायचंय. मी म्हणलो, धवला राहू द्या थोडा. तर म्हणतो, धवला काय, रोज ऐकतो."

माझे वडील असंच बोलायचे. बहिणीचं गाणं त्यांना विहिरीच्या पाण्यासारखं वाटायचं, असतंच ते, त्याचं काय कौतुक. ते जाऊनही आता पाच-सहा वर्षं झाली.

"म्हणजे नाही?" मी विचारलं.

"नाय कशाला असंल? रॉ शूटिंग मी कधी डिलीट करत नाय." चाचा उठून कपाटाकडे गेले. "लग्नात कोणी विचारत नाय त्याला. घरातलं म्हातारं माणूस गेलं का मग येतात. चाचा, बाबांचा हसतानाचा एखादा फोटो निघंल का बघा. आता हसतानाचा फोटो रॉमध्येच मिळतो गं. डीव्हीडीत सगळी कडक बसलेली."

कपाटातून हार्डडिस्क निघाली. त्यांनी तेव्हाच्या छोट्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या, आणि नंतर डिस्क भरत आली म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकून सगळ्या फायली दाबून लहान केल्या होत्या. एमकेव्ही करून, म्हणजे आणखी एका जातीचा टेंपो. मी बघितलं, काम नीट होतं, कुठे चित्र तुटलेलं नाही. भावाच्या लग्नाच्या चार फायली. तीन मोठ्या, एक त्याहून लहान.

"ही चौथी नको बघूस," चाचा म्हणाले. "मी जेवायला गेलो नि कॅमेरा बाकड्यावर चालूच राहिला. अर्धी कॅसेट फुकट गेली माझी."

रविवारी सकाळी घरचं आवरून कानाला हेडफोन लावले आणि बसले. पहिली फाइल उघडताच कानात आमची आळी घुसली. भांडी, पोरं, कोंबड्या, कोणीतरी कोणाला तरी "मेल्या" म्हणतंय. लांबून धवला ऐकू येतोय. आत्याचाच. चाचांचा कॅमेरा आवाजाच्या दिशेने चालला, दारातून आत आला, त्यांचा तो पांढरा फकफकीत लाइट लागला, आणि धवला बंद.

मी फाइल मागे घेतली, परत बघितली. तेच. लाइट लागला की जात्याभोवतीच्या सगळ्या बायका गायचं सोडून डोक्यावरचा पदर सारखा करतात, हात मांडीवर ठेवतात आणि फोटोला बसल्यासारख्या कॅमेऱ्याकडे बघतात. आत्या सगळ्यांत ताठ. चाचांचा आवाज येतो, "मावशी, गा की, थांबलात कशाला?" बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. "अगं गा ना." "तू गा." "शूटिंग चालू हाय गं, गप." चाचा कंटाळून लाइट बंद करतात, बाहेर जातात, आणि त्यांची पाठ फिरल्याबरोबर आत धवला पुन्हा सुरू. पण तोवर मंडपात कोणीतरी माइक तपासायला लागलेलं असतं, "हॅलो, चेक, चेक," आणि त्याखाली सगळं बुडतं.

तिन्ही फायली अशाच. तेल लावताना तेच, उंबराची फांदी रोवताना तेच. आमच्या बायकांना तेव्हा कळलंच नव्हतं की हे यंत्र आवाजही घेतं. व्हिडिओ म्हणजे हलणारा फोटो, आणि फोटोत तोंड मिटून बसायचं. बरं, त्यांचं तरी काय चुकलं? घरी डीव्हीडी आली तेव्हा तिच्यात गाणीच निघाली. मग पुढच्या लग्नात त्या आणखी घट्ट तोंड मिटून बसल्या.

दुपार झाली. आत्याचा आवाज मिळाला तो मोजून दोन-दोन ओळींचा, तोही माइकवाल्याच्या "चेक, चेक"सकट. माझा धीर सुटत चालला. नातीच्या हळदीच्या दिवशी आत दार लावून बसलेली आत्या मला दिसायला लागली. ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे.

चौथी फाइल मी जेवताना लावली, काही मिळेल म्हणून नव्हे, आहे तर बघू म्हणून. चित्र आडवं पडलेलं नव्हतं, सरळ होतं. चाचांनी कॅमेरा ओटीवरच्या बाकड्यावर ठेवलेला, आणि समोर आमचा उंबरा. उंबऱ्याबाहेर चपला. सगळ्या आळीच्या चपला. रबरी, चामडी, एक पट्टा सुतळीने बांधलेली, पोरांच्या शिट्टी वाजणाऱ्या. लाइट बंद, नुसता दिवसाचा उजेड. माणूस एकही नाही.

आणि आतून आत्या गात होती.

चाचा जेवायला गेलेले, माइकवालाही जेवायला गेला असणार, मंडप गप्प, पोरंही कुठेतरी. जात्याची घरघर आणि तिच्यावर आत्याचा आवाज. मोठा, थोडा नाकातला, शेवटाला वर उचललेला. घास हातात तसाच राहिला. तिने गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, सूर्याला, चंद्राला, उल्हास नदीला. मग आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावलं. माझे आजोबा, पणजोबा, बाळंतपणात गेलेली काकी. मागून बायका ओढत होत्या. मध्ये एक जोडी पाय आले. मी ते पाय लगेच ओळखले, उजवा अंगठा बाहेर वळलेला. माझे वडील. त्यांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी चपलांत पाय घातले, अर्धवट, टाचा बाहेर, आणि फटक फटक करत निघून गेले. बोलावलेल्या माणसांत त्यांचं नाव नव्हतं. कसं असेल, ते तेव्हा चपला घालून बाहेर चालले होते.

मी ताट बाजूला सारलं आणि ती फाइल शेवटपर्यंत बघितली. बघितली म्हणजे चपला बघितल्या.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन तडक आत्याकडे. सगळे जमले. आत्येभावाने, म्हणजे नवरीच्या बापाने, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. चपला आल्या. आवाज नाही.

"हे काय गं?" वहिनी म्हणाली. "चपलांचं दुकान?"

आत्येभाऊ म्हणाला, "थांब, मला ठाऊक हाय." त्याने माझा लॅपटॉप ओढला, पेन ड्राइव्ह त्याला लावला आणि फायलीच्या नावातलं शेवटचं एमकेव्ही खोडून एमपीफोर लिहिलं. आता टीव्ही चपलाही दाखवेना.

"अहो दादा, टेंपोवर पाटी बदलली म्हणून आत बसलेली माणसं बदलतात का?"

"मग हिच्यात आवाज हाय कुटं?"

"आहे. टेंपो दारात आलाय. चित्र उतरलंय, ते तुमच्या टीव्हीच्या ओळखीचं. आवाज ज्या पद्धतीनं दाबून बसवलाय ती ह्या टीव्हीला कळत नाही, म्हणून तो तसाच आत बसलाय."

"टीव्ही इतका महागाचा घेतला, नि त्याला एवढं कळंना?" वहिनीने नवऱ्याकडे बघून घेतलं.

मी तिथेच ओटीवर बसून काम केलं. चित्राला हात लावला नाही, ते होतं तसं उचललं. आवाज तेवढा टीव्हीला समजेल अशा पद्धतीत आणला, आणि दोघांना नव्या एमपीफोरमध्ये बसवलं. वाचायला सोपं वाटतं. शिकावं लागतं. मी शिकलेय.

टीव्हीतून जात्याची घरघर आली आणि मागोमाग आत्याचा आवाज.  नात स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच उभी राहिली. आत्या पाटावर बसून ऐकत होती. रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. तिचे ओठ हलत होते, एक हात मांडीवर जात्याचा फेरा घेत होता. मध्येच तिने तोंड वाकडं केलं आणि कुजबुजली, "हितं मी दम चोरला बग. बसल्या हुत्या सगळ्या, कळलं नाय कोनाला." शेवट झाल्यावर नात म्हणाली, "झालं. डीजे बंद. आजी, तू जिंकलीस."

आत्या मात्र मान हलवत होती. नाही, नाही.

"आता काय झालं?" आत्येभाऊ म्हणाला.

"ह्ये नाय चालायचं," ती म्हणाली. "ह्ये माज्या म्हायेरचं बोलावनं हाय. ह्यात उल्हास नदी हाय, कळंबची देवी हाय, माजा बाप, माजा आजा हाय. लगीन ह्या घरात. ह्यो आवाज लावला तर ती सगळी हितं येतील, नि ह्या घरची मानसं? ती मांडवाच्या भायेर उबी ऱ्हातील? माज्या सासऱ्याला किती राग यायचा तुमाला ठाव नाय."

कोणी हसलं नाही. आत्येभाऊसुद्धा, जो एरवी असल्या गोष्टींना "हां, हां" म्हणतो, रिमोट ठेवून खाली बसला. ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती, आणि मी ती फाइल कितीदा ऐकली होती.

"आत्या, ती नावं मी काढून टाकू?"

"काडून टाकशील, मग बोलावनं कोनाला?"

"नावांच्या जागी रिकामं राहील. चपला दिसत राहतील, आवाज तेवढा थांबेल. थोड्या वेळानं परत तू गायला लागशील."

आत्याने माझ्याकडे बघितलं. डोळे एकदम चमकले. "किती रिकामं?"

"तू सांगशील तितकं."

"मग राऊं दे रिकामं. मी भरीन."

"तू?"

"माइक आनतील ना ते डीजेवाले? नावं घ्यायला गळा कशाला लागतो?"

पुढचे चार-पाच दिवस सुटल्यावर मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी लॅपटॉपला डोकं लावून. "उल्हास काड. हितं पाताळगंगा येईल. नाव लांब हाय, जागा जास्त दे." "हिला आमच्या गावदेवीची जागा." "सासऱ्याला जरा जास्त, त्यानला घाईत बोलावलेलं आवडायचं नाय." जिथे मूळ जागा पुरेना तिथे चपलांचं चित्र मी तेवढं थांबवून धरलं, म्हणजे आवाज आणि चित्र एकमेकांना सोडून जाणार नाहीत. ती प्रत्येक जागेत कुजबुजून बघायची, पुढची ओळ वेळेवर आली की मांडीवर थाप मारायची. मी कारखान्यात साहेबांना दाखवायला जे व्हिडिओ करते त्यांच्यावर इतकी मेहनत कधी घेतली नाही, आणि हे लिहायला मला काही वाटत नाही.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी अंगणात मांडव, कडेला डीजेवाल्याचे डोंगराएवढे स्पीकर आणि एक मोठा एलईडी पडदा, नवरा-नवरीचं शूटिंग दाखवायला आणलेला. मी माझी फाइल दिली. डीजेवाल्याने ती उघडली आणि मांडवभर चपला पसरल्या, माणसाच्या उंचीच्या.

"ताई, हे चुकून आलं वाटतं. पडदा बंद करतो, नुसता ऑडिओ ठेवतो."

आत्या जात्यापाशी बसली होती. तिने हात वर केला. मी तिचं बोलणं मोठ्याने त्याला सांगितलं, कारण तिचा आवाज तिथवर पोचत नव्हता. "राहू द्या म्हणते. चपला नसल्या तर घरात माणसं आहेत हे कसं कळणार?"

मग तिचा आवाज सुरू झाला. त्या स्पीकरांतून कधी असा आवाज निघाला नसेल. पाण्याला गेलेल्या बायका हंडे ठेवून परत आल्या. जातं फिरायला लागलं. कळंबहून आलेल्या माझ्या काकू पडद्याकडे बघून ओरडल्या, "ती सुतळीची माजी! अगं ती माजी!" आणि हसण्याचा एक लोट आला. गणपती झाला. पहिली रिकामी जागा आली. स्पीकर थांबले, चपला तशाच, आणि आत्या माइक ओठांना लावून म्हणाली, पाताळगंगे, ये. वाळू घासल्यासारखा आवाज, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचला. तेवढ्यात तिचा जुना आवाज पुढची ओळ घेऊन आला, आणि बायकांनी ती ओढली. आपोआप. कोणी सांगितलं नव्हतं.

गावदेवी आली. सासरे आले, सावकाश, त्यांना आवडायचं तसं. सासू आली, दीर आले. नात हळदीच्या पाटावर बसून आजीकडे बघत होती, सूर्यफुलासारखी मान वळवून.

शेवटची जागा आली. स्पीकर थांबले. आत्या गप्प.

मला वाटलं विसरली. मी तिच्याकडे सरकले तर ती माझ्याकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर लाज. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखी लाज. तेव्हा मला कळलं. ही जागा तिच्या गेलेल्या नवऱ्याची, ज्यांना मी मामा म्हणायचे. लॅपटॉपवर तिने इथे नुसती मान हलवली होती, "हितं एक हाय," म्हणाली होती, आणि मी मान हलवण्याएवढी जागा ठेवली होती. आयुष्यभर नवऱ्याचं नाव लग्नात आणि हळदीकुंकवात उखाण्यातूनच घेतलेली बाई. ती सरळ नाव कसं घेईल?

बायकांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. "नाव घे गं!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव सुरू झाला. "नाव घे! नाव घे!" वहिनी सगळ्यांत मोठ्याने. आत्येभाऊ खांबाला टेकून हसत डोळे पुसत होता.

आत्याने पदर सारखा केला, माइक धरला आणि म्हणाली,

"दारात चपलांची रास, घरात पावन्यांची दाटी..."

उखाणा लांब होता आणि जागा लहान. मला दिसत होतं की संपणार नाही. डीजेवाला माझ्याकडेच बघत होता, मी नुसता हात वर केला असता तर सगळं थांबलं असतं. मी हात वर केला नाही. तिचा जुना आवाज उठला, मोठा, नाकातला, शेवटाला वर उचललेला, आणि तिच्या आत्ताच्या आवाजावर येऊन बसला. तिचे ओठ हलत राहिले. नाव तिने घेतलं, मी अगदी जवळून बघितलं, पण ऐकू कोणालाच आलं नाही. बायका पुढची ओळ ओढायला लागल्यासुद्धा.

"फसवलंस गं!" काकू ओरडल्या. "नाव कुटं घेतलं?"

आत्याने माइक खाली ठेवला आणि नातीच्या गालाला पहिली हळद लावली. "ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलं," ती म्हणाली. हे मात्र तिच्या शेजारी होते म्हणून मला आणि नातीलाच ऐकू आलं.